नूपुरचा करदोटा

महिन्याभरात तिसऱ्यांदा शेवंतीने लेकीच्या कमरेचा करदोटा सैल केला आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. काळ्या दोऱ्याची गाठ पोटात रुतून बसली होती. ती तिने दातांनी सोडवली, बोटभर दोरा ढिला सोडला, पुन्हा गाठ मारली आणि कुदळीचा दांडा ठोकत बसलेल्या भिवाला म्हणाली,

"बघितला काय? पुन्ना घट झाला."

भिवाने मान वर केली नाही, पण तो हसला. हसला म्हणजे मिशीच्या टोकाशी जरा हालचाल झाली. भिवाचं हसू तेवढंच असायचं, आणि तेही गेल्या दोन वर्षांत शेवंतीने बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा पहिला मुलगा वीटभट्टीवर गेला. दहा महिन्यांचा होता. त्याला कुणी मारलं नाही, साप चावला नाही, ताप चढला नाही. तो नुसता वाळत गेला. त्याच्या करदोट्याला शेवंतीने एकावर एक किती गाठी मारल्या याची गणती नव्हती, आणि तरी एका सकाळी त्याला उचललं तेव्हा तो दोरा कमरेवरून सुटून घोट्यापाशी आला. भिवाने त्याला भगताकडे न्यायला घेतलं. वाटेत ओढा लागतो, त्या ओढ्यापर्यंतच पोर पोचलं. तेव्हापासून शेवंतीला एकच गोष्ट कळत होती. दोरा सैल झाला की पोर जातं, आणि दोरा घट्ट झाला की पोर राहतं. ही अक्कल तिला फुकट मिळालेली नव्हती, त्यामुळे तिच्यावर तिचा विश्वासही तसाच होता.

कातकऱ्यांची पाच घरं कर्जतकडच्या वाडीवरून लालबागला आली होती. एरवी दिवाळी सरली की भट्टी ठरलेली. यंदा भट्टीवाल्याने भट्टी लावलीच नाही. त्याच्या जमिनीला फार्महाऊसवाला भेटला. मग शिवा मुकादमाने सगळ्यांना टेम्पोत घातलं आणि मुंबईत आणून उतरवलं. बंद गिरणीच्या पडक्या भिंतीआड पत्र्याच्या पाच खोल्या होत्या. समोर काचेचा टॉवर उभा होता, एवढा उंच की भिवाने पहिल्या दिवशी वर बघताना टोपी सांभाळली. त्या टॉवरात विजेची तार जावी म्हणून ही माणसं कमरेइतका चर खणत होती. खोलीत मात्र दिव्याची वायर शेजारच्या खांबावरून चोरून आणली होती.

वाडीवर पोट अर्धं नदीवर आणि रानावर भरायचं. खेकडे, मासे, कंद, पावसाळ्यात भाजी. इथे मिळायचा तो भात, मिरची आणि दूध नसलेला चहा. पहिल्या रविवारी भिवा बारकं जाळं घेऊन शिवडीच्या खाडीवर चालत गेला. चिखल बघून त्याला घरी आल्यासारखं वाटलं. त्याने पाऊण तासात ओंजळभर निवट्या, चिखलातले बारके मासे, धरल्या. मग एक वॉचमन आला.

"ए, इधर क्या करता है? चल, खाली कर."

निवट्या परत चिखलात गेल्या. वॉचमनने जाळंही ठेवून घेतलं. भिवाने येऊन पाय धुतले, पण तेलाचा काळा डाग पोटऱ्यांवर तीन दिवस राहिला. पुन्हा त्याने खाडीचं नाव काढलं नाही.

अशा दिवसांत नूपुरचा करदोटा घट्ट होत होता, म्हणून शेवंतीला त्याचं एवढं अप्रूप. पोरीचं नाव वाडीवरच्या अंगणवाडीच्या बाईंनी ठेवलेलं. बाई नावं टीव्हीच्या मालिकांमधून उचलायच्या, त्यामुळे वाडीच्या कुडांमधून नूपुर, प्राची असली नावं रांगत असायची. घरात आपलं नुपी आणि पाची. प्राची ही शेवंतीच्या जावेची, लतिकाची. दोघी पोरी दीड वर्षाच्या आगेमागे. चराच्या कडेला गोणपाट टाकून दोघींना बसवून ठेवायचं आणि आयांनी घमेली उचलायची. नूपुर रडायची नाही, रांगायची नाही, मागायचीही नाही. दिलेलं बिस्कीट हातात धरून तासन् तास बसायची.

"गुणाची गं तुजी पोर," बाया म्हणायच्या.

शेवंतीला त्याचाही अभिमान वाटायचा.

पाणी भरायला बाया समोरच्या चाळीच्या नळावर जायच्या. चाळीतल्या परबकाकींनी भांडून तेवढी परवानगी मिळवून दिली होती. उर्मिला परब. वय सत्तरच्या पुढे, नवरा गिरणीतला, गिरणी गेली तसा तोही गेला, आणि आता काकी गॅलरीत बसून जगाच्या कारभारावर देखरेख करायच्या. त्या दिवशी सकाळी शेवंती नूपुरला कडेवर घेऊन आली, तर काकी पायरीवर लसूण सोलत होत्या.

"गो, हिच्या पायाक काय झाला?"

"काय नाय काकी. बाळसं धरलंय पोरीनं."

"हय हाड गो तिका, बघया."

काकींनी नूपुरचा पाय हातात घेतला, चपलेसारखा उलटसुलट केला, आणि पावलावर अंगठा दाबून धरला. मग उचलला. तिथे खळगा पडला होता. भिजवलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा. तो तसाच राहिला. काकींच्या दोन पाकळ्या सोलून होईपर्यंत तो राहिला.

"ह्या बाळसां न्हय गो बाय," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "ह्या पाणी आसा. केस बघ कसे तांबूस झालेत. हिका आजच्या आज डाक्टराक दाखव."

शेवंतीचं डोकंच फिरलं. एवढ्या दिवसांनी तिच्या घरात काहीतरी चांगलं घडत होतं आणि या म्हातारीने त्यावर बोट ठेवलं, तेही शब्दशः. तिने अर्धा हंडा भरलेला तसाच उचलला. खोलीवर येऊन मीठ-मिरची ओवाळली, लेकीच्या गालाला काजळाचा टिळा लावला. पण पाणी आणताना, घमेलं उचलताना, चूल पेटवताना तो खळगा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुपारी नूपुरने चहात बुडवलेलं बिस्कीट तोंडातून बाहेर काढलं. आंघोळ घालताना मांडीच्या सांध्यातली कातडी ओल्या कागदासारखी सुटून शेवंतीच्या बोटाला चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चराच्या कडेला परबकाकी उभ्या. हातात छत्री आणि कापडी पिशवी.

"चल. मी येतंय."

शिवा मुकादम लगेच पुढे आला. "मावशी, काम अडतं. आणि शेवंते, आज गेलीस तर गेलीस. उद्या परवा करत बसलीस तर वरचा साहेब अख्खी टोळी परत पाठवेल. चार घरांच्या पोटावर पाय येईल तो तुझ्यामुळं."

"तुज्या पोटावर येवंक नाय ना पाय?" काकींनी छत्री उघडली. "मग गप रव."

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीण तरुण होती. दीपिका नाव. डोळ्यांखाली काळं, केस पेनाने वर खोचलेले. तिने नूपुरच्या दंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, तिचं टोक धोक्याच्या लाल रंगावर आलं. तिनेही पावलावर अंगठा दाबला. तोच खळगा.

"याआधीचं मूल?"

"होता एक. वाळला."

दीपिकाने लिहिता लिहिता हात थांबवला. "हिला अॅडमिट करावं लागेल. चौदा दिवस तरी. पोटात अन्न नाहीये, म्हणून अंगात पाणी भरलंय. हे भरलेलं दिसतंय ना, ते मांस नाही. कळतंय का मी काय म्हणते?"

शेवंतीने मान हलवली. कळलं सगळं होतं. पटलं नव्हतं. पोटात अन्न नाही म्हणे, आणि पोट तर हे एवढं पुढे आलेलं.

वॉर्डात पांढऱ्या चादरी आणि डोक्यावर पंखा. नर्स लहान वाटीत मोजून पातळ दूध आणायची, दोन दोन तासांनी, आणि ते चमच्याने पाजायला लावायची. एवढुसं दूध! शेवंतीला वाटायचं, चिमणीच्या पिल्लाला तरी याहून जास्त लागतं. तिने एकदा भीत भीत विचारलं, भात कधी देणार? नर्स म्हणाली, "एकदम दिलं तर झेपत नाही बाई, हळूहळू." आणि पुढच्या खाटेकडे गेली. तिच्या हाताखाली बावीस पोरं होती.

तिसऱ्या दिवशी करदोटा हलायला लागला.

शेवंतीने दोऱ्याखाली एक बोट घालून बघितलं, मग दोन. चौथ्या दिवशी तो कमरेच्या हाडावरून खाली घसरला. पायांवरची चकाकी गेली, कातडीला सुरकुत्या पडल्या, गाल बसले, आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यातून कुणीतरी वर आलं. शेवंती बघतच राहिली. भट्टीवरच्या झापाच्या झोपडीत असाच चेहरा तिच्या मांडीवर होता. तेच मोठे डोळे, तेच कपाळ. मेलेला भाऊ बहिणीच्या तोंडातून बघत होता.

नर्सने नूपुरला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि खुशीत म्हणाली, "छान! उतरलं की वजन."

छान. शेवंतीच्या कानात तो शब्द तापलेल्या सळीसारखा गेला. माझी पोर वाळतेय आणि ही बया छान म्हणते. तिने पुन्हा विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणाची तरी सलाईनची सुई निघाली होती आणि नर्स तिकडे धावली. दीपिका डॉक्टर सकाळीच राउंड घेऊन गेली होती. चार वाजता भेटायला येणाऱ्यांची गर्दी झाली. शेवंतीने नूपुरला पदराखाली घेतलं, पिशवी खाटेवरच ठेवली, म्हणजे कुणाला संशय नको, आणि जिन्याने खाली उतरली. वॉचमनने अडवलं नाही. परळपासून लालबागपर्यंत ती अशी चालली की जणू तिनेच कुणाचं पोर पळवलंय.

"बघ!" लतिका तिला बघताच म्हणाली. "चार दिसांत वाळवली की गं पोर. मी सांगत हुती, नेऊ नको म्हणून."

 भिवाने लेकीला घेतलं, करदोट्याला हात लावला आणि परत दिलं. शेवंतीने भाताची दाट पेज केली, वर गूळ घातला आणि चार दिवसांचं उट्टं काढावं तसं नूपुरला भरवलं. पोरीने चार घास गिळले. थोड्या वेळाने ते सगळे वरखाली होऊन बाहेर आले.

सकाळी शेवंतीने तिला हात लावला तेव्हा ती गार होती. ताप उतरून माणूस गार लागतं तशी नव्हे. माठ गार लागतो तशी. डोळे अर्धे उघडे, मान ढिली. शेवंतीने हाक मारली, गाल थोपटले. नूपुरने नुसती पापणी हलवली.

शिवा वाडीवरून आणखी माणसं आणायला टेम्पो घेऊन निघालाच होता. भिवा त्याच्या पाया पडला. "आमाला घे. भगताकडं नेतो." शिवाने कपाळाला आठ्या घातल्या, पण मागचं फळकूट पाडलं. पोर इथे मेलं तर पोलीस, पंचनामा. त्यापेक्षा टेम्पोत बसलेलं बरं. हे तो बोलला नाही, पण शेवंतीला त्याच्या तोंडावर वाचता आलं.

टेम्पो निघाला. लालबागचा पूल उतरून परळला आला आणि गर्दीत अडकला. पुढे बस, मागे बस, वर ऊन. नूपुर शेवंतीच्या मांडीवर आडवी. टेम्पोने गचका दिला आणि करदोटा पोरीच्या मांड्यांवरून सरकत गुडघ्यांवर आला.

 तसाच. अगदी तसाच. भगताकडे निघालेले, मांडीवर पोर, दोरा सुटलेला. पुढे फक्त ओढा यायचा बाकी होता. शेवंतीला रडू आलं नाही, राग आला. एकदा हे सगळं करून झालं होतं. भगताकडे नेऊन झालं होतं, दोऱ्याला गाठी मारून झाल्या होत्या. त्यातून तिच्या हाती काय आलं होतं?

तिचा अंगठा आपसूक नूपुरच्या पावलाकडे गेला. तिने दाबला, काकींनी दाबला होता तसा. उचलला. खळगा पडला नाही. हाडाला चिकटलेली पातळ कातडी होती, ती जागच्या जागी होती. तिने दुसरं पाऊल दाबलं. तिथेही नाही.

पाणी गेलं होतं. म्हातारी म्हणाली ते खरं होतं, डॉक्टरीण म्हणाली तेही. पाण्याने दोरा घट्ट होत होता आणि ती हरखत होती. आता मांडीवर उरली होती ती एवढीच, पहिल्यापासून एवढीच असलेली तिची लेक. आणि त्या नर्सने छान म्हटलं होतं.

"थांबवा!" तिने पत्र्यावर मूठ आपटली. "अवो, थांबवा म्हणा त्याला!"

"काय झाला?" भिवा दचकला. "मेली काय?"

"नाय मेली. उतरायचं हाय. हास्पिटल हितंच हाय."

"तिथनंच वाळून आली ना ती? येडी झालीस काय? भगत..."

"त्याला भगताकडंच नेलता!" शेवंती ओरडली. बसमधल्या माणसांनी खिडकीतून माना वळवल्या. "माज्या पोराला भगताकडंच नेलता तुमी! कुठं हाय तो? दाखवा मला, कुठं हाय!"

 दोन वर्षांत दोघांपैकी कुणीही हे बोललं नव्हतं. शेवंतीने फळकुटावरून पाय टाकला आणि गाड्यांच्या मधून पळत सुटली. करदोटा टेम्पोत कुठेतरी पडला. तिने मागे बघितलं नाही. थोड्या वेळाने तिच्या शेजारून आणखी दोन अनवाणी पाय पळत होते. भिवाने हात आडवा करून टॅक्सी अडवली आणि तिला रस्ता करून दिला.

"पळून गेला होतात ना?" नर्सचा आवाज वॉर्डभर घुमला. "आता कशाला आलात? आम्ही काय इथे..." मग तिने नूपुरला बघितलं आणि पुढचं गिळलं. "डॉक्टर!"

दीपिका धावत आली. पोरीच्या जिभेखाली साखरेचं पाणी, थेंब थेंब. बारीकशी सुई लागेना, तीन ठिकाणी टोचली, तरी नूपुर रडली नाही. मग दीपिकाने शेवंतीला पोलकं सोडायला सांगितलं, उघड्या पोरीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून दोन घोंगड्या गुंडाळल्या.

"आता तुमच्या अंगाची ऊब. सोडायचं नाही. काहीही झालं तरी."

"वाचंल?"

"मला माहीत नाही," दीपिका म्हणाली. ती खोटं बोलली असती तर शेवंतीने ओळखलं असतं, आणि पुन्हा पळाली असती.

सकाळचे दहा, अकरा, बारा. बाहेर कॉरिडॉरमध्ये भिवा उकिडवा बसून होता. कामावर आज दोन माणसं कमी होती. शिवा काय करेल, साहेब काय करेल, टोळी राहील की जाईल, हे सगळं शेवंतीच्या मनात एकदा येऊन गेलं आणि पुन्हा फिरकलं नाही. ती श्वास मोजत होती. पोरीचा एक, आपला एक. मधेच पोरीचा चुकायचा, आणि शेवंतीही आपला धरून ठेवायची.  घामाने पाठ भिजली होती, पण ती घोंगडीचं टोक सोडत नव्हती.

दीडच्या सुमाराला छातीशी काहीतरी हललं. मग चिरका, बारीक, चिडका आवाज आला. नूपुर रडत होती. दीड महिना शेवंतीने तो आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता याचं कौतुक केलं होतं. आता तिला ते आठवून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"रड," ती म्हणाली. "रड गं माजे बाय. अजून रड."

सतरा दिवस लागले. दीपिका रोज अंगठा दाबायला लावायची. "मला नको दाखवू, तू बघ." काट्यावरचा आकडा आधी थांबला, मग मुंगीच्या पावलाने वर जाऊ लागला. नूपुर वाटी हिसकावू लागली, चमचा फेकू लागली, शेजारच्या खाटेवरच्या पोराचे केस ओढू लागली. परबकाकी एक दिवस आड मुगाचं कढण घेऊन यायच्या आणि नर्सला दूध कसं पाजावं ते शिकवायच्या. नर्स त्यांना बघितलं की दुसऱ्या वॉर्डात जायची. टोळी काही परत गेली नाही. शिवाने दोन माणसांचं काम आठ माणसांवर वाटलं आणि सगळ्यांना शेवंतीच्या नावाने बोटं मोडायची सोय करून दिली.

ती परत आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. बाया चराच्या कडेला भात खात होत्या. भिवाच्या खांद्यावर नूपुर. हडकुळी, कान मोठे, टकमका बघणारी, आणि खाली सोडा म्हणून ओरडणारी.

"सतरा दिस," लतिका म्हणाली. तिचा आवाज मुद्दामच मोठा होता. सतरा दिवस तिने शेवंतीची घमेली उचलली होती. "सतरा दिस हास्पिटलात, आन् पोर अशी? काडी झाली की. माज्या पाचीला बघ. हितंच हाय, कुटं नेली नाय. कालच करदोटा ढिला केला तिचा."

प्राची गोणपाटावर बसली होती. गाल टोपल्यासारखे. पाय चकाकत होते. हातात बिस्कीट होतं, ते ती खात नव्हती.

 शेवंती गुडघ्यांवर बसली आणि प्राचीच्या पावलावर अंगठा ठेवला. दाबला. उचलायला तिला धीर होईना.

"काय करतेस?" लतिकाने तिचा हात झटकला. "नजर लावतेस काय माज्या पोरीला? तुजा एक गेला, दुसरी काडी झाली, आता माजी..."

"लतिका!" भिवा म्हणाला.

शेवंती भांडली नाही. तिने लतिकाचा हात धरला. भातानं खरकटा, घट्टे पडलेला. त्या हाताचा अंगठा तिने आधी नूपुरच्या पावलावर टेकवला. "दाब." लतिकाने रागाने दाबला. कातडी लगेच वर आली. नूपुरने पाय ओढून घेतला आणि लतिकाला एक लाथ हाणली. मग शेवंतीने तोच अंगठा प्राचीच्या पावलावर नेला.

"आता हितं दाब."

लतिकाने दाबला आणि उचलला. दोघी बघत राहिल्या. शिवाची शिट्टी झाली. बाया उठल्या, घमेली वाजली, कुदळी चालू झाल्या. खळगा तिथेच होता. लतिका त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावरून राग हळूहळू निघून जात होता. प्राची रडली नाही, हलली नाही, तिने वरही बघितलं नाही.

"मला नुसती गुणी वाटली ती," लतिका म्हणाली.  "लांब हाय काय ते हास्पिटल?"

"नाय. हितंच हाय."

लतिकाने प्राचीला उचललं आणि चप्पल शोधायला लागली. ती सापडेना. शेवंतीने आपली काढून तिच्या पुढ्यात टाकली आणि पुढे चालू लागली.